वाड्याच्या सागाचा तक्ता का उकलला : एका जेवणाच्या टेबलाचा प्रकरण अभ्यास

टेबल इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटसाठी होतं आणि लाकूड जुन्या नाशकातलं. दर पावसाळ्यात भद्रकाली-पंचवटीकडे एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते. हा वाडा कोसळायच्या आधीच कुटुंबाने उतरवला. वाटणीत एका बहिणीच्या वाट्याला सागाच्या दोन तुळया आल्या. त्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतात आणि सुट्टीत घरीच लाकूडकाम करतात. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे, नाव देत नाही. मिस्त्री त्यांना ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.

वखारीत तुळया चिरून सहा फळ्या निघाल्या. प्रत्येक फळी ५ फूट लांब, साधारण ६ इंच रुंद आणि रंधून झाल्यावर सव्वा इंच जाड. चिरण्याआधी ताईंनी चुंबक फिरवून जुने खिळे शोधून काढले होते, म्हणून वखारीच्या पात्याला काही झालं नाही. सहा फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या की ५ बाय ३ फुटांचा तक्ता होणार होता. पाय आणि चौकट नंतर.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, गॅलरीत तक्ता जोडला गेला. मेच्या अखेरीस कडेचा एक सांधा टोकापासून फूटभर उकलला होता. एक स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली तेव्हा तक्त्याच्या मधोमध ६ मिलिमीटरचा उंचवटा निघाला.

ताईंचा पहिला संशय लाकडावर होता. साग तेलकट असतो, त्यावर फेविकॉल धरत नाही, असं त्यांना दोघा-तिघांनी सांगितलं होतं. यात तथ्य आहे. सागाची कड रंधून बरेच दिवस पडून राहिली तर आतलं तेल पृष्ठभागावर येतं आणि गोंदाची पकड कमकुवत होते. पण या फळ्यांच्या कडा त्याच सकाळी रंधलेल्या होत्या. दुसरा संशय फेविकॉलच्या डब्यावर. डबा नवा होता. क्लॅम्पवर, म्हणजे गोंद सुकेपर्यंत फळ्या आवळून धरणाऱ्या शिकंज्यांवर, कुणाचाच संशय नव्हता, आणि या प्रकरणाकडे मला याच कारणासाठी नीट पाहावंसं वाटलं. आपल्याकडे घरी काम करणारा माणूस करवतीवर, ड्रिलवर, रंध्यावर विचार करून पैसे घालतो. क्लॅम्प मात्र दुकानातून निघता निघता, समोर टांगलेले दिसतील ते घेतो.

ताईंकडे चार एफ-क्लॅम्प (एका पट्टीवर दोन जबडे, त्यांतला एक सरकता) होते, हलक्या बनावटीचे. पट्टी ५ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर उंच, मूठ गोल आणि प्लास्टिकची. चारही क्लॅम्प जमिनीवर मांडून त्यांच्यावर फळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे चारही पट्ट्या तक्त्याच्या खालच्या बाजूला. टोकाचे क्लॅम्प टोकांपासून ८ इंच आत होते आणि दोन क्लॅम्पमध्ये सुमारे १५ इंचांचं अंतर होतं.

उकललेला सांधा

सांध्याचा मृत्यू कशाने झाला ते त्याच्या दोन तोंडांवरच लिहिलेलं असतं. चांगला चिकटलेला सांधा जोराने फोडला तर गोंद सुटत नाही, शेजारचं लाकूड फाटतं. एका फळीचे धागे दुसऱ्या फळीला चिकटून येतात. आम्ही तो सांधा पाचर घालून पूर्ण उघडला. चार ठिकाणी लाकडाचे धागे उपटून आले होते. त्या चार ठिकाणांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना मात्र फेविकॉलचा जाड, गुळगुळीत, चकचकीत थर होता. एका फळीवर थर, आणि समोरच्या फळीवर रंध्याच्या रेघा जशाच्या तशा. तिथे गोंद दुसऱ्या बाजूला कधी नीट लागलाच नव्हता.

चार बेटं आणि चार क्लॅम्प. ताईंनी टेप लावून पाहिलं, बेटं बरोबर क्लॅम्पच्या समोर होती.

मग विरुद्ध कडेचा सांधा तपासला. तोही पटाशीच्या हलक्या धक्क्याने सुटला. आतले तीन सांधे मात्र हलेनात. हे पाहून ताई म्हणाल्या, "गोंद खराब असता तर पाचही सुटायला हवे होते. हे दोनच का?"

याचं उत्तर भूमितीत आहे. क्लॅम्पच्या टोकाशी दिलेला दाब लाकडात शिरताना साधारण ४५ अंशांच्या कोनात दोन्हीकडे पसरतो. कडेची फळी ६ इंच रुंद, म्हणजे दाब पहिल्या सांध्यापर्यंत पोचताना क्लॅम्पच्या डावीकडे ६ आणि उजवीकडे ६ इंच पसरला. एका क्लॅम्पने १२ इंच सांभाळले. क्लॅम्प १५ इंचांवर, म्हणून प्रत्येक दोघांच्या मध्ये ३ इंच आणि दोन्ही टोकांना २-२ इंच उपाशी राहिले. दुसऱ्या सांध्यापर्यंत दाब १२-१२ इंच पसरतो, तिथे सगळ्या क्लॅम्पचे पसरलेले दाब एकमेकांवर येतात आणि रिकामी जागा उरत नाही. म्हणून आतले सांधे टिकले. टोकांचं लाकूड सगळ्यांत आधी वाळतं आणि आकसतं, त्यामुळे मेच्या उन्हात सांधा टोकाकडून सुटत गेला.

उंचवट्याचं कारणही क्लॅम्पच. क्लॅम्प आवळला की त्याचे दोन जबडे बाहेर ढकलले जातात आणि पातळ पट्टी वाकते. जबड्यांची वरची टोकं फाकतात, दाब फळीच्या कडेच्या खालच्या भागावर, पट्टीजवळ येतो. सगळ्याच पट्ट्या खाली असल्या तर तक्त्याची खालची बाजू जास्त दाबली जाते आणि मधला भाग वर उचलला जातो. सांधे खालून घट्ट दिसतात, वरून केसाएवढे उघडे राहतात. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटर उंचीची, तेवढ्याच जाडीची पट्टी जवळजवळ साडेतीन पट ताठ असते. हे गणित ताईंनी माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मांडलं. जर्मनीतली बेसी ही क्लॅम्पसाठी नावाजलेली कंपनी १८८९ साली स्टुटगार्टला सुरू झाली ती पोलादाच्या पट्ट्या आणि सळ्या ओढण्याचा कारखाना म्हणून. क्लॅम्प नंतर आले, १९३६ मध्ये. मला यात काही नवल वाटत नाही. क्लॅम्पची किंमत त्याच्या पट्टीत असते, रंगात किंवा मुठीत नसते.

उरलेलं कारण वेळेचं. पाच सांध्यांना गोंद लावून, फळ्या मांडून, चार क्लॅम्प आवळेपर्यंत वीस मिनिटं गेली. नाशकात एप्रिलअखेरीस दुपारी पारा ३८-४० पर्यंत जातो, हवा कोरडी आणि गॅलरीत वारा. पांढऱ्या गोंदावर अशा हवेत काही मिनिटांत साय धरते. साय धरलेला गोंद पुरेशा दाबाने अजूनही पसरवता येतो. इथे तो दाब नव्हता.

वजनकाट्यावरची परीक्षा

दाब किती कमी होता? ताईंना अंदाज नको होता, आकडा हवा होता. बाथरूममध्ये ठेवतात तो वजनकाटा दोन जाड फळकुटांच्या मध्ये ठेवून त्यावर क्लॅम्प आवळला. घरच्या घरी करण्यासारखा हा प्रयोग आहे. फक्त काट्याची मर्यादा ओलांडायची नाही, आणि काट्यावर दाब सपाट पडेल असं पाहायचं.

त्यांच्या चारपैकी तीन क्लॅम्प ९० किलोच्या आसपास थांबले; त्यापुढे मूठ फिरवली की पट्टी डोळ्यांना दिसेल एवढी वाकायची आणि आकडा वाढायचा नाही. चौथा ६० किलोवरच घसरला, त्याचा सरकता जबडा पट्टीला पकडत नव्हता. माझा एक जाड पट्टीचा, लाकडी मुठीचा क्लॅम्प लावला. तो काट्याच्या मर्यादेपर्यंत, १५० किलोपर्यंत, पट्टी न वाकता सहज गेला. तिथे थांबलो.

मग कागद घेतला. एका सांध्याचं क्षेत्रफळ ६० इंच गुणिले सव्वा इंच, म्हणजे ७५ चौरस इंच, सुमारे ४८४ चौरस सेंटिमीटर. चार क्लॅम्पचा एकूण जोर ३३० किलो. दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोही नाही. पांढऱ्या-पिवळ्या गोंदांसाठी कठीण लाकडाला शिफारस असते दर चौरस सेंटिमीटरला १२ ते १७ किलोंची, मऊ लाकडाला ७ ते १० किलोंची.

हा फरक पाहून घाबरायचं कारण नाही. शिफारशीचा आकडा पूर्ण खात्रीसाठी असतो. कडा सरळ रंधलेल्या असतील, फळ्या हाताने टेकवल्यावरच लांबीभर भिडत असतील, तर दाबाला लाकूड वाकवायचं काम उरत नाही, फक्त गोंदाचा थर पातळ करायचा असतो. तिथे ४-५ किलोंवर सांधे वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिले आहेत. पण पाऊण किलो कुठल्याच हिशोबात बसत नाही. याच आकड्यांनी आणखी एक गैरसमज दूर होतो. "फार आवळू नका, सगळा गोंद पिळून निघेल" असं सांगणारे बरेच भेटतात. घरगुती क्लॅम्प शिफारशीच्या निम्म्यावरही पोचत नाहीत; पुरेसा गोंद लावला असेल तर ही भीती बाळगायला नको.

खुंटी, सरस, फेविकॉल

दुसऱ्या जोडणीसाठी ताईंनी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते पिढीजात सुतार, आता मुख्यतः प्लाय आणि सनमायकाचं काम करतात. त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ताई, याला शिकंजे किती लावले होते?" चार म्हटल्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट नीट उमगली. वाड्यांच्या दारांना, खांबांना, तुळयांना क्लॅम्पची गरज नव्हती, कारण त्या सांध्यांचा भरवसा गोंदावर नव्हता. खाचेत बसवलेल्या लाकडातून आरपार भोक पाडून खुंटी ठोकली की सांधा घट्ट ओढला जायचा आणि कायम ओढलेलाच राहायचा. सरकारवाड्यासारख्या पेशवाईतल्या इमारतींचं लाकूडकाम जवळून पाहिलं तर या खुंट्यांची गोल तोंडं सापडतात. फळीला फळी जोडायची असेल तेव्हा सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद, वितळवून लावायचा. गरम सरस लावून दोन कडा एकमेकींवर घासल्या की तो थंड होताना स्वतःच घट्ट धरतो. आखूड फळ्यांना तेवढंही पुरायचं. मिस्त्रींच्या आजोबांकडे सरसाचं भांडं होतं.

फेविकॉल १९५९ साली आला आणि सरस तापवण्याचा खटाटोप संपला. पण पांढरा गोंद सुकेपर्यंत स्वतः काही ओढत नाही. त्याला तास-न्-तास बाहेरून दाब हवा. प्लायच्या कामात तो दाब खिळा देतो: गोंद लावा, खिळा ठोका, पुढे चला. म्हणून आपल्या बाजारात खिळ्यांचे पंधरा प्रकार मिळतात आणि चांगल्या क्लॅम्पसाठी चार दुकानं हिंडावी लागतात. अस्सल लाकडाच्या तक्त्यात, कडेला कड जोडताना, खिळा मारायला जागाच नसते. ना खुंटी, ना सरस, ना खिळा. उरतो तो क्लॅम्प. घरी अस्सल लाकडात काम करणाऱ्याने क्लॅम्पला दुय्यम साहित्य समजणं मला म्हणूनच पटत नाही. या पद्धतीच्या कामात सांधा करतो तो क्लॅम्प, बाकी हत्यारं त्याची तयारी करतात.

मिस्त्रींचा स्वतःचा उपायही उत्तम होता. एका जाड फळीवर दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या, मध्ये जोडायच्या फळ्या ठेवायच्या, आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट घालून हातोडीने आळीपाळीने मारायच्या. कमी उताराच्या पाचरीची जोडी चांगल्या क्लॅम्पच्या तोडीचा जोर देते आणि खर्च जवळजवळ शून्य. ज्यांना एकदाच एखादा पाट किंवा फडताळाची फळी करायची आहे त्यांनी क्लॅम्प घेऊच नयेत, हे करावं. ताईंना मात्र टेबलानंतर पलंग करायचा होता.

दुसरी जोडणी

पाइप क्लॅम्प घ्यायचं ठरलं. यात फक्त दोन जबडे विकत घ्यायचे असतात, मधला दांडा म्हणजे साधा पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. जबड्यांचे सहा जोड ऑनलाइन मागवले. पाइप नळकामाच्या दुकानातून, बी क्लासचे. ए क्लासचे पातळ असतात, जोर दिला की वाकतात. दुकानदाराने चार-चार फुटांचे तुकडे कापून एका टोकाला आटे पाडून दिले. बाहेरून आलेल्या जबड्यांचे आटे अमेरिकी मापाचे असतात आणि आपल्याकडच्या पाइपचे ब्रिटिश मापाचे, तरी पाऊण इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटेच असल्याने पाइप जबड्यात फिरून बसतो. एक इंची पाइपला हे जमत नाही, तिथे आट्यांची संख्याच वेगळी आहे.

जुना तक्ता आहे तसा पुन्हा आवळून चालणार नव्हतं. वाळलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही. सुटलेले दोन सांधे रंधून साफ केले आणि उंचवटा काढण्यासाठी मधला, न सुटलेला सांधा करवतीने कापला. ताईंच्या जिवावर आलं होतं ते, पण त्यामुळे काम सोपं झालं. आता दोन सुट्या फळ्या आणि दोन-दोन फळ्यांच्या दोन जोड्या होत्या. एका वेळी एकच सांधा जोडायचा, आधी दोन अर्धे तक्ते, शेवटी मधला सांधा.

कडा रंधताना मिस्त्रींनी दोन फळ्या तोंडाला तोंड लावून एकत्र पकडल्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा चालवला. रंधा अर्धा अंश तिरका गेला तरी फळ्या उलगडल्यावर एकीचा तिरकेपणा दुसरीच्या उलट येतो आणि तक्ता सपाट राहतो. फळ्या पकडायलाही क्लॅम्पच लागले. ते जुने हलके चार क्लॅम्प इथे छान उपयोगी पडले.

गोंद लावण्याआधी कोरडी जुळणी केली. फळ्या उभ्या करून मागे विजेरी धरली, कुठून उजेड येतो का पाहिलं. एका जागी येत होता, तिथे पुन्हा रंधा मारला. क्लॅम्पने ओढून फट बुजवायची नाही यावर मिस्त्री ठाम होते आणि मीही. जोराने बंद केलेली फट लाकूड पुन्हा उघडायला बघतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, घरात, पंखा बंद करून पहिला अर्धा जोडला. तीन क्लॅम्प खाली, तीन वर, एक सोडून एक, दोघांत सुमारे १० इंच. वरच्यांचा बाक खालच्यांच्या बाकाला खोडून काढतो. क्लॅम्प आणि फळी यांच्या मध्ये दोन्ही कडांना तीन इंच रुंदीची सरळ, जाड लाकडी पट्टी घातली. तिच्यामुळे दाब सांध्यापर्यंत पोचायच्या आधीच तीन-तीन इंच पसरतो आणि सागाच्या कडेवर जबड्याचा वळही उठत नाही. दोन्ही टोकांना वरून-खालून आडव्या पट्ट्या लावून फळ्या एका पातळीत ठेवल्या. सगळ्या पट्ट्यांना खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणजे त्या तक्त्याला चिकटत नाहीत. पाइपखाली प्लास्टिकचे तुकडे, कारण ओला गोंद आणि लोखंड एकत्र आले की लाकडावर काळे डाग पडतात.

आवळताना मधून सुरुवात करून टोकांकडे गेलो. सांध्याच्या पूर्ण लांबीवर गोंदाचे बारीक मणी एकसारखे उमटले. घरात वजनकाटा लावायची गरज या खुणेने संपते: मणी सलग असतील तर दाब सगळीकडे पोचला आहे, एखाद्या जागी कोरडं असेल तर तिथे क्लॅम्प किंवा गोंद कमी आहे. अशा क्लॅम्पला सुमारे ४५० किलोंचा जोर धरला तर सहांचे २७०० किलो, दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो. आधीच्या आठ पट. प्रत्येक सांधा रात्रभर तसाच आवळून ठेवला.

काम थंडीत करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि एवढ्या गारठ्यात पांढरा गोंद नीट न धरता खडूसारखा भुसभुशीत सुकू शकतो. तेव्हा उलट दुपार बरी.

पावसाळ्यानंतर

ऑगस्टमध्ये तक्ता रुंदीत ५ मिलिमीटर वाढलेला होता, मार्चमध्ये परत आपल्या मापावर आला. अपेक्षेप्रमाणेच. आडव्या चिरलेल्या (वर्षवलयं फळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असलेल्या) सागाची रुंदी लाकडातल्या ओलाव्याच्या दर टक्क्याला सुमारे ०.१९ टक्के बदलते, आणि नाशिकच्या मेपासून ऑगस्टपर्यंत ओलावा काही टक्क्यांनी सहज वाढतो. हे हलणं कुठलाही क्लॅम्प थांबवत नाही, थांबवूही नये. म्हणून तक्ता चौकटीला स्क्रूने जखडलेला नाही, खाचेत सरकणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर बसवला आहे. पाचही सांधे बंद आहेत. पट्टी आडवी ठेवली तर मध्ये एक मिलिमीटरही उजेड दिसत नाही.

खरेदीबद्दल ताईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं ते असं: हलके डझनभर घेण्यापेक्षा जाड पट्टीचे चार एफ-क्लॅम्प आणि हे सहा पाइप क्लॅम्प घरच्या बहुतेक कामाला पुरतील. दुकानात घेताना जबडा पट्टीवर घसरतो का ते तिथेच आवळून पाहावं, आणि मूठ हातात भरते का तेही. बारीक मुठीला हात पुरेसा पीळ देऊ शकत नाही. एका हाताने दाबायचे क्लॅम्प वस्तू जागेवर धरायला चांगले, सांधा आवळायला नाहीत.

मिस्त्रींना गंगापूर रोडवर अस्सल सागाच्या देवघराच्या दारांचं काम मिळालं, तेव्हा ते ताईंकडून चार पाइप क्लॅम्प घेऊन गेले. दारं सहा फुटी आणि ताईंचे पाइप चार फुटी. त्यांनी नळकामाच्या त्याच दुकानातून सात-सात फुटांचे चार पाइप आटे पाडून आणले आणि जबडे त्यांच्यावर चढवले. काम झाल्यावर जबडे परत आले आणि लांब पाइपही ताईंकडेच ठेवले, पलंगाला लागतील म्हणून.